नजर कुठे: बर्फावर की स्केटरवर?

१/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्केटिंगमधील प्रावीण्य जोखले जाई ते बर्फावर उमटलेल्या रेषांवरून. आकृती अचूक हवी आणि अंग ताठ, असा दंडक होता.

२/ अमेरिकन जॅक्सन हेन्सने तो मोडला. तो संगीताच्या तालावर बर्फावर नाचे. मायदेशात ही शैली फारशी रुचली नाही. १८६० च्या दशकात तो युरोपात गेला आणि वॉल्ट्झवेड्या व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले. काठावरच्या प्रेक्षकांची नजर रेषेवरून स्केटरच्या देहबोलीकडे वळली.

३/ परीक्षकांची नजर मात्र बर्फावरच राहिली. साप्पोरो ऑलिंपिक, १९७२: मुक्त स्केटिंगमध्ये सातवी आलेली बिआट्रिक्स शूबा सक्तीच्या आकृत्यांतील आघाडीच्या बळावर सुवर्णपदक जिंकली, मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली जॅनेट लिन तिसरी ठरली. योगायोग असा, की शूबा व्हिएन्नाचीच!

४/ दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना असे निकाल उमगेनात. पुढच्याच हंगामापासून आकृत्यांचे गुण घटले. १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धेतून बाद झाल्या.

५/ हेन्स १८७५ मध्येच फिनलंडमध्ये निवर्तला होता. व्हिएन्नातील प्रेक्षकांचा कौल नियमावलीत उतरायला शतकाहून अधिक काळ लागला. या विजयाची किंमतही होती: ज्या रेषेवरून या कलेला ‘फिगर’ हे नाव मिळाले, ती रेषाच स्पर्धेतून पुसली गेली.