मायक्रोफायबर टॉवेल कसा धुवायचा? गाडी डिटेलिंगनंतर पुन्हा वापरण्याची पूर्ण माहिती

मायक्रोफायबर टॉवेल म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉनच) यांच्या अतिबारीक तंतूंचं कापड. पॅकेटवर ८०/२० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं, ते या दोघांचं प्रमाण. यातला एक तंतू १ डेनियरपेक्षा बारीक असतो. सोप्या भाषेत, असा ९,००० मीटर लांब धागा घेतला तर त्याचं वजन १ ग्रॅमही भरणार नाही. चांगल्या टॉवेलमध्ये हा तंतू आणखी चिरलेला असतो. त्या चिरांमध्येच पाणी, धूळ आणि तेल अडकतं. म्हणून साधं सुती फडकं जिथे धूळ नुसती सरकवतं, तिथे मायक्रोफायबर ती उचलून धरतो.

आता अडचणही हीच. जे उचललं ते टॉवेल सहज सोडत नाही. नीट न धुतलेला टॉवेल पुढच्या वेळी तुमच्याच गाडीवर बारीक पॉलिश पेपरसारखा फिरतो. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, त्यातले बरेचसे धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून ओरखडे काढता येतात, पण दर वेळी हा थर थोडा थोडा झिजतो.

आपल्याकडची धूळ आणि आपल्याकडचं पाणी

लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग बेसाल्ट खडकावर आहे, तर देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटच्या धुळीत क्वार्ट्झ असतो आणि तो काचेपेक्षाही कठीण. उन्हाळ्यातला रस्त्याचा फुफाटा, पावसाळ्यात चाकांना चिकटणारी काळी माती, सगळं शेवटी टॉवेलमध्येच येतं. त्यामुळे पहिला नियम असा की टॉवेल धुण्याआधी अंगणात जोरात झटका. ओला असेल तर आधी साध्या पाण्यात खळबळून काढा. माती असलेला टॉवेल थेट साबणाच्या बादलीत टाकला तर ती माती बाकीच्या टॉवेलमध्ये वाटली जाते.

पाण्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाळेच्या पुस्तकात याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हटलंय, घरात आपण ‘जड पाणी’ म्हणतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० मिलीग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ऑनलाइन मिळणारा टीडीएस मीटर कठीणता दाखवत नाही, तो विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. मीटर नसेल तर कूलरकडे बघा. पॅडवर पांढरा खरखरीत थर बसत असेल तर तोच थर टॉवेलच्या तंतूंमध्येही बसतोय.

म्हणून कपड्याच्या साबणाची वडी इथे कामाची नाही. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की चिकट साका तयार होतो आणि तो तंतूंच्या चिरा बुजवतो. पावडरचाही त्रास आहे. न विरघळलेले कण आत राहतात, शिवाय पावडरमधला धुण्याचा सोडा जड पाण्यात पांढरा साका सोडतो. सगळ्यात बरं म्हणजे साधं लिक्विड डिटर्जंट, ज्यात सॉफ्टनर मिसळलेलं नाही.

फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. ते तंतूंवर मेणासारखा थर चढवतं. टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी पिणं बंद करतो. ब्लीच नायलॉन कमजोर करतं. इस्त्री तर विसराच, उष्णतेने बारीक तंतूंची टोकं आखडून कडक होतात.

धुण्याची पद्धत

आधी टॉवेल वेगळे करा: काच आणि बॉडी, पॉलिश-वॅक्स, टायर-इंजिन. कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घातला की घरातल्या कुणालाही कळतं कुठला कशाचा.

अर्ध्या बादली कोमट पाण्यात (हाताला सहज सोसेल इतकं, साधारण ४० अंश) दोन चमचे लिक्विड घाला आणि अर्धा तास भिजू द्या. वॅक्सचे डाग असतील तर त्या जागी लिक्विड थेट लावून बोटांनी चोळा. ब्रश घासू नका. मग हलकं दाबत धुवा. करकचून पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. बादलीतलं पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत स्वच्छ पाण्यात काढा.

मशीन वापरायचं तर कमी तापमान आणि जेंटल सायकल. सुती कपड्यांसोबत टाकू नका, सुताचे सगळे तुसे मायक्रोफायबर ओढून घेतो. पेट्रोल, थिनर किंवा टार रिमूव्हर लागलेला टॉवेल मशीनमध्ये कधीच नको. त्याची वाफ पेट घेऊ शकते.

टॉवेल कडक झाला असेल तर अर्ध्या बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर टाकून वीस मिनिटं ठेवा. त्यातलं आम्ल क्षार विरघळवतं. नंतर साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र एकत्र आणू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कमी पाण्यात कसं जमवायचं

ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वॅगनमधून सुमारे ५ लाख लिटर, तिथे ‘टॉवेल वाहत्या नळाखाली दहा मिनिटं धरा’ असा यूट्यूबवरचा सल्ला चालणारच नाही. गरजही नाही. तीन बादल्या पुरतात, फक्त क्रम पाळा: काचेचे टॉवेल आधी, मग बॉडीचे, त्याच पाण्यात शेवटी टायरचे.

आरओचं वाया जाणारं पाणी पहिली माती काढायला वापरा. शेवटच्या पाण्यासाठी ते नको, कारण त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. उलट एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, म्हणून जवळपास क्षारमुक्त. शेवटची खळबळ त्यात झाली तर उत्तम. पावसाचं साठवलेलं पाणीही तसंच, पत्र्यावरची पहिली घाण वाहून गेल्यावरचं. कूलरच्या टाकीतलं मात्र नको. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

पाणी नाही म्हणून ओले टॉवेल डिक्कीत आठवडाभर कोंबून ठेवले तर कुबट वास आणि बुरशी धरते. आधी वाळवा, मग साठले की एकदम धुवा. वाळवताना सावली आणि घरातला पंखा बरा. गच्चीवर दोरीला टाकलात तर ऊन नायलॉन हळूहळू खराब करतं आणि एप्रिल-मे मधल्या वावटळीत टॉवेल पुन्हा धुळीने भरतो.

पुन्हा वापरायचा की नाही?

वाळलेल्या टॉवेलवरून बोटं फिरवा. टोचल्यासारखं लागलं तर गाडीच्या रंगावर नको. आणखी खात्री हवी असेल तर घरात पडलेल्या जुन्या सीडीच्या चमकत्या बाजूवर टॉवेल दाबून घासा आणि उजेडात धरा. रेघा उठल्या तर कडेचा लेबल-टॅग काढून पुन्हा बघा. बऱ्याचदा दोषी तोच असतो. तुमच्या फोनला मॅक्रो मोड असेल तर तंतूंचा फोटो काढून झूम करा. मोकळे उभे लूप ठीक, गुठळ्या आणि अडकलेल्या काड्या दिसल्या की दर्जा उतरवा: बॉडीवरून दरवाज्याच्या फटींना, तिथून रिमला, शेवटी बाइकच्या चेनला.

सिरॅमिक कोटिंग पुसलेला टॉवेल याला अपवाद. कोटिंग वाळून तंतूंमध्ये काचेसारखं कडक होतं आणि धुऊन निघत नाही. तो रंगावर परत वापरूच नका.

गाडीचा टॉवेल कितीही स्वच्छ दिसला तरी फोनच्या स्क्रीनला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला लावू नका. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात आणि स्क्रीनवरचा बोटांचे ठसे रोखणारा थर त्यांनी झिजतो. फोनसाठी चष्म्याच्या दुकानात मिळतं ते छोटं फडकं वेगळं ठेवा.

एक गोष्ट जाता जाता. हे कापड प्लॅस्टिकचं आहे आणि प्रत्येक धुण्यात थोडे तंतू सुटतात. आययूसीएनच्या २०१७ च्या अहवालाने समुद्रात थेट कणरूपात पोचणाऱ्या मायक्रोप्लॅस्टिकचा सुमारे ३५ टक्के वाटा कृत्रिम कपड्यांच्या धुण्याला दिला होता. नांदेडच्या घाटावर थेट गोदावरीत टॉवेल धुण्यापेक्षा बादलीत धुवा, पाणी जुन्या सुती कापडातून गाळा आणि वर राहिलेला लोळा कचऱ्यात टाका.