शेअर कुणाचा, कोयता कुणाचा?

सीएसआर हा शब्द आपल्याला एचआरच्या मेलमुळे माहीत झाला, पण गोष्ट जुनी आहे. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. कायद्याची सक्ती नसताना!

पुढे 1950 च्या सुमारास नगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेअरहोल्डरच बदलला. शेठजींच्या जागी ऊस पिकवणारा शेतकरी आला. साखरेच्या पैशातून शाळा-कॉलेजं, दवाखाने झाले. खरंच मोठं काम.

पण नगरहून बीडकडे निघालं की आष्टी तालुक्यातलं कडा लागतं. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून, हिशोबही त्याच्याशीच. खाडा झाला की पैसे कापले जातात. कारखान्याच्या पटावर यांचं नावच नाही.

त्याची किंमत 2019 मध्ये सरकारी समितीसमोर आली: बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यानंतर ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचं ठरलं. उशिरा का होईना.

म्हणजे मालक शेठ असो की शेतकरी, मधे मुकादम आला की जबाबदारी झटकता येते. आणि हे फक्त साखरेचं नाही. आपल्या ऑफिसातला रात्रपाळीचा सिक्युरिटीवाला कुणाच्या पेरोलवर आहे, सोमवारी जरा विचारून बघा.