खाली वळवलेला अंगठा आणि जुना बूट

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये 'द फाइन आर्ट ऑफ प्रोपगंडा' नावाचं एक पुस्तक निघालं. त्यात भाषणांच्या मजकुरातच छोटी छोटी चिन्हं पेरलेली आहेत: कुठे खाली वळवलेला अंगठा, कुठे चमकणारं रत्न, कुठे मुखवटा. आजच्या भाषेत इमोजीच म्हणा ना. भाषणं होती फादर कॉफलिनची. डेट्रॉइटजवळचा हा कॅथलिक धर्मगुरू रेडिओवरून ज्यूंविरुद्ध गरळ ओकायचा आणि लाखो लोक त्याला ऐकायचे.

पुस्तकामागे होती 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अॅनालिसिस'. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या क्लाइड मिलरने ती १९३७ मध्ये सुरू केली. बोस्टनचे दुकानदार एडवर्ड फायलीन यांनी दहा हजार डॉलर दिले. शाळांतल्या मुलांना प्रचार ओळखता यावा, हा हेतू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संस्थेच्या पत्रिकेत प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी आली आणि ती वर्गावर्गात पोचली. मराठीत ती किती सहज बसते बघा. विरोधकाला नावं ठेवणं (तोच तो अंगठा). गोंडस शब्दांची उधळण. देव, देश, झेंडा यांची पुण्याई उसनी घेणं. बड्या माणसाची शिफारस. 'मी तर तुमच्यातलाच', याचं चिन्ह जुना बूट. सोयीचे पत्ते दाखवून बाकीचे दडवणं. आणि शेवटी, 'सगळे निघाले, तुम्हीच मागे का?'

पण मिलरला हे सुचलं कुठून? त्यासाठी वीसएक वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात मिलर क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार होता. १६ जून १९१८ ला ओहायोतल्या कँटन गावी समाजवादी पुढारी युजीन डेब्जने युद्धाविरुद्ध भाषण केलं. मिलरने ते ऐकलं, त्याला ते देशद्रोही वाटलं आणि पुढे खटल्यात त्याने सरकारच्या बाजूने साक्ष दिली. डेब्जला दहा वर्षांची शिक्षा झाली. (तुरुंगातूनच त्याने १९२० ची अध्यक्षीय निवडणूक लढवली आणि नऊ लाखांवर मतं मिळवली!) पुढे मिलरला आपल्या साक्षीचा पश्चात्ताप झाला. युद्धाच्या प्रचारात तो स्वतःच वाहून गेला होता, आणि तोही रोज बातम्या लिहिणारा माणूस.

म्हणून मला त्या सात युक्त्यांपेक्षा संस्थेने मुलांना दिलेली दुसरी, कमी गाजलेली शिकवण जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात सांगितलं होतं: आधी आपल्या मनात काय उसळलं ते बघा, आणि आपली मतं खरंच आपली आहेत का, यावर शंका घ्या. ती कुठून आली? घरातून? आपल्या गोतावळ्यातून?

यादीचा धोका वेगळाच होता. युक्ती ओळखली म्हणजे विधान खोटं ठरलं, असं होत नाही. खरी गोष्टही गोंडस शब्दांत सांगता येते. मुलं अशाने कशावरच विश्वास ठेवेनाशी होतील, अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. शिवाय यादी हातात आली की ती दुसऱ्यावर चालवायला फार मजा येते. फॅमिली ग्रुपवर काकांच्या फॉरवर्डमधल्या चार युक्त्या आपण पाच सेकंदांत मोजतो. आपल्याला पटलेली रील मात्र तशी मोजायचं आपल्या डोक्यातही येत नाही.

संस्था फार टिकली नाही. पैसे आटत चालले होते, आणि अमेरिका युद्धाच्या दारात उभी होती. शत्रूच्या प्रचारासारखाच आपल्या सरकारचा प्रचारही तटस्थपणे तपासायचा, हे अशा वेळी कोण ऐकून घेणार? आपलं विश्लेषण युद्धतयारीच्या आड येईल, ही काळजी संचालकांनाही होती. १९४१ अखेर काम थांबवण्यात आलं. जानेवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर महिन्याभराने, पत्रिकेचा शेवटचा अंक निघाला.