'चंद्रकांता': ज्या पुस्तकासाठी लोक लिपी शिकले

आजच्या भागात एका कादंबरीचा इतिहास. राजवाडे, गुप्तहेर, वेषांतरं, बेशुद्ध करणारी पूड, भुयारं, खजिना असा सगळा मसाला तिच्यात आहे. थोडक्यात, जी वाचताना घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'जरा काहीतरी चांगलं वाच!' देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता', साल १८८८. माझं म्हणणं असं की या 'हलक्याफुलक्या' पुस्तकानं जे काम केलं, ते त्या काळच्या भल्याभल्या जड ग्रंथांना जमलं नाही. कसं, ते ऐका.

आधी लेखकाबद्दल. खत्रींचा जन्म १८६१ चा, आणि पुढे ते बनारसमध्ये स्थायिक झाले. त्यांनी काशीच्या राजाकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. धंद्यापायी ते त्या डोंगरदऱ्यांत, ओसाड गढ्यांत आणि पडक्या किल्ल्यांत भटकत राहिले. कादंबरीतली राज्यं तिथूनच आली. नौगढ, विजयगढ, चुनार ही तिन्ही खरी ठिकाणं आहेत, आजच्या उत्तर प्रदेशाच्या आग्नेय कोपऱ्यातली. सह्याद्रीत ट्रेक करताना पडका बुरूज दिसला की आपल्या डोक्यात गोष्ट सुरू होते ना? खत्रींनी ती लिहून काढली, एवढंच.

गोष्ट सोपी आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम आहे. मध्ये येतो विजयगढच्या दिवाणाचा मुलगा, क्रूरसिंह. त्याला राजकन्याही हवी आणि गादीही. विजयगढमध्ये डाळ शिजत नाही म्हटल्यावर तो चुनारच्या राजा शिवदत्तचे कान भरतो. मग काय, शिवदत्तलाच चंद्रकांता हवीशी वाटायला लागते! दरबारी राजकारण म्हणजे अजून काय असतं? ज्याला मदतीला बोलवावं, तोच वाटेकरी होतो.

पण पुस्तकाचे खरे हीरो आहेत ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला हरहुन्नरी हेर. वेष बदलणं, आवाजाची नक्कल करणं, गुंगी देणं, माणूस गाठोड्यात बांधून पळवणं, सगळं त्याला येतं. कमरेला बटवा, आणि बटव्यात गुंगीची पूड. शुद्धीवर आणायला लखलखा नावाचं औषधही तयार. वीरेंद्रचा ऐयार तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला, दोघंही एकापेक्षा एक. चपला तर स्वतः ऐयारी करते. १८८८ सालच्या कादंबरीत स्वतःच्या अकलेवर शत्रूला चकवणारी बाई, हे लक्षात ठेवा.

ऐयार खत्रींच्या डोक्यातून एकदम उगवले नाहीत. उर्दू दास्तानांमध्ये ते आधीपासून होते. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही प्रचंड दास्तान लखनौच्या नवल किशोर प्रेसनं १८८३ पासून छापायला घेतली होती. पण तिथे खरीखुरी जादू होती. खत्रींनी जादू जवळजवळ काढूनच टाकली. त्यांचं तिलिस्म म्हणजे कळा, चाकं, चोरदरवाजे आणि रसायनं वापरून बांधलेली चक्रावून टाकणारी वास्तू. ते नेमकं कोण फोडणार हे मात्र आधीच लिहून ठेवलेलं असतं! म्हणजे फँटसी आहे, पण तिला यंत्रयुगाचा वारा लागलेला आहे.

आता मुख्य मुद्दा. त्या काळी त्या भागात कचेरीची भाषा उर्दू आणि लिपी फारसी. शिकला-सवरलेला माणूस उर्दू वाचायचा. कचेऱ्यांमध्ये नागरीला परवानगी मिळाली ती थेट १९०० साली. अशा वेळी खत्रींनी नागरी लिपीत पुस्तक काढलं, पण भाषा ठेवली बाजारात, घरात बोलली जाणारी. संस्कृतचं ओझं नाही आणि फारसीचा बडेजावही नाही. छोटी छोटी प्रकरणं, त्यांना नाव 'बयान', आणि दर बयानाच्या शेवटी असं वळण की पुस्तक खाली ठेववत नाही.

परिणाम काय झाला? हिंदी साहित्याचे इतिहासकार आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलंय की खत्रींनी जितके वाचक तयार केले तितके दुसऱ्या कुणीच केले नाहीत, आणि कितीतरी उर्दूवाले केवळ 'चंद्रकांता' वाचायला हिंदी शिकले. पुढे तेच लोक इतर पुस्तकांकडे वळले, काही तर लिहायलाही लागले. गंमत म्हणजे याच शुक्लांनी ही पुस्तकं खऱ्या साहित्यात धरली नाहीत. त्यांच्या मते यात नुसत्या घटना आहेत, व्यक्तिचित्रण नाही.

इथे मी आचार्यांशी भांडणार. पहिल्या 'चंद्रकांता'पुरतं त्यांचं म्हणणं मान्य. वीरेंद्र सुरुवातीला जसा भला, तसाच शेवटी. पण पुढे २४ भागांची 'चंद्रकांता संतति' आली आणि तिच्यात भूतनाथ आला. हाही ऐयारच, पण भूतकाळात काळी कृत्यं केलेला. आता त्याला वीरेंद्रसिंहाच्या बाजूनं चांगलं काम करून नाव धुऊन काढायचंय. आणि दर वेळी कुणीतरी जुनी गोष्ट घेऊन समोर उभं राहतं, की हा गडी घामाघूम! तो शूर आहे, हुशार आहे, पण सत्य बाहेर येईल या भीतीनं पुन्हा खोटं बोलतो आणि आणखी अडकतो. सुधारायची इच्छा असणं आणि केलेल्याचा हिशेब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला भूतनाथकडे बघून जितकं कळलं तितकं कुठल्या उपदेशानं कळलं नसतं. खत्रींनाही तो सोडवेना. त्यांनी त्याच्यावर वेगळी कादंबरी सुरू केली. १९१३ मध्ये ते गेले तेव्हा ती अपुरी होती. मुलानं, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ती पूर्ण केली.

आपल्याकडे अनेकांना 'चंद्रकांता' माहीत आहे ती १९९० च्या दशकातल्या दूरदर्शन मालिकेमुळे. क्रूरसिंहाचं 'यक्कू' आईबाबांना विचारा, लगेच करून दाखवतील. पण मालिका आणि पुस्तक यांत खूप फरक आहे, म्हणून पुस्तक वाचाच. कॉपीराइट केव्हाच संपलाय, फोनवर मोफत मिळतं. आणि त्या वाचकांना आधी लिपी शिकावी लागली होती. आपल्याला तर देवनागरी येतेच, हिंदीही बऱ्यापैकी कळते. मग अडलंय कुठे?

सोपं पुस्तक वाचतोय म्हणून लाजू नका. तुमच्या आवडीला कुणी नाक मुरडलं, तर त्या लिपी शिकलेल्या वाचकांची गोष्ट त्यांना सांगा. आणि पहिले दहा बयान वाचून मला कळवा, तुमचा पक्ष कुठला, तेजसिंहाचा की चपलेचा? मी चपलेच्या बाजूनं. भेटूया पुढच्या भागात!