हजेरी कुणाची, हुकूम कुणाचा? महारवतनापासून हिंजवडीपर्यंत

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊन ऐन भरात असताना, टीसीएस या देशातल्या सर्वात मोठ्या आयटी कंपनीने जाहीर केले होते की २०२५ पर्यंत आमच्या फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच ऑफिसात येण्याची गरज पडेल. साडेतीन वर्षेही झाली नाहीत तोच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला या असा हुकूम काढला. २०२४ मध्ये हजेरीची टक्केवारी थेट व्हेरिएबल पेशी जोडली. जानेवारी २०२५ पासून अॅमेझॉनने आपल्या ऑफिस कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवस सक्तीचे केले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून महिन्यातले किमान १० दिवस ठरवून दिले.

कर्मचारी नाराज आहेत, आणि त्यांच्या नाराजीला कारणे आहेत. दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये जातात. गावाकडे परतलेल्या पोरांना पुन्हा पुण्यात भाड्याची खोली शोधावी लागते. ऑफिसात जाऊनही मीटिंग लॅपटॉपवरच होते, मग जायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. पण वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून ही चर्चा "घर चांगले की ऑफिस" एवढ्यावरच फिरते. आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनीही तेवढ्यावरच थांबायचे का? कामाची जागा कोण ठरवतो, कामाचे तास कोण मोजतो आणि कामाच्या दारातून कोणाला आत घेतात, हे तीन प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मांडले होते. इतिहास उघडला तर आजच्या नाराजीचा अर्थ जास्त स्पष्ट दिसतो.

तास नसलेली नोकरी

"हजेरी" हा शब्दच घ्या. आज तो बायोमेट्रिक मशीनवर बोट टेकवण्यापुरता उरला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत होता. ज्या जातींना गुन्हेगार ठरवले होते, त्यांना गावच्या अधिकाऱ्यापुढे रोज उभे राहून हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात ही हजेरी बंद केली आणि त्याच वर्षी महार वतनेही मोडीत काढली.

ब्रिटिश मुलखात मात्र महारवतन चालूच राहिले. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचा युक्तिवाद पुन्हा वाचण्यासारखा आहे. वतनदार महाराला कामाचे ठरलेले तास नव्हते. चोवीस तास तो सरकारी नोकर. कोणत्याही खात्याचा माणूस गावात आला की बोलावणे येणार. तो स्वतः घरी नसेल तर त्याचा बाप, भाऊ, घरातला कोणीही हजर झाला पाहिजे. मोबदला काय? तुकडे पडत गेलेली इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळणारे बलुते. म्हणून त्यांची मागणी होती की काम करायचे असेल तर त्याला ठरलेला पगार हवा, आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला ते सोडता आले पाहिजे. १९२९ मध्ये हे विधेयक मागे घ्यावे लागले. महाराष्ट्रात कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपली ती थेट १९५८ च्या कायद्यानंतर.

आता कोणी म्हणेल, लाखांत पगार घेणाऱ्या इंजिनिअरची वतनदार महाराशी तुलना कशी करता? बरोबर आहे, तशी तुलना करताच येणार नाही. इंजिनिअर राजीनामा देऊ शकतो. महाराला जन्माने मिळालेली नोकरी सोडता येत नव्हती, आणि नकार दिला तर गाव बहिष्कार टाकत असे. पण बाबासाहेबांनी त्या व्यवस्थेतला जो दोष नेमका पकडला, तो आजही ओळखता येतो: बोलावणाऱ्याला वेळेची मर्यादा नाही आणि बोलावल्या गेलेल्याला नाही म्हणायची सोय नाही. दिवसा ऑफिसात नऊ तास आणि रात्री घरी परदेशी क्लायंटचा कॉल, अशी दुहेरी हजेरी आज अनेक जण देतात. घरून काम करताना "तू घरीच आहेस ना" म्हणून तास वाढले. ऑफिस परत सुरू झाले तरी ते वाढलेले तास कमी झाले नाहीत.

दार उघडे, खाते बंद

दुसरा प्रश्न दाराचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती. पण विणकाम खात्यात, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचाखात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याच धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर आम्ही बाटू, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. साचाखात्यात मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळाची भाषा आणि पैशाचा हिशेब अगदी बरोबर जुळत होता!

१९२८ मध्ये गिरण्यांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले की अस्पृश्यांना साचाखाते खुले करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? ती घातली नाही तर आमच्या कामगारांना मी संपात उतरायला सांगणार नाही, असे बजावल्यावर ती मागणी नाइलाजाने घेतली गेली. मालकांनी त्यावर दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा अन्याय असेल तर तो आमच्यामुळे झालेला नाही, असे ते म्हणाले. मालक जातीचा दोष कामगारांवर ढकलतो, कामगार पुढारी जातीचा प्रश्न "नंतर बघू" म्हणतो, आणि दाराबाहेर आपण उभे. म्हणूनच १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला, हेही विसरू नये. संपाच्या हक्कावर बाबासाहेबांनी कधी तडजोड केली नाही. पण कामगार ऐक्याच्या नावाखाली जातीचा प्रश्न झाकूही दिला नाही.

आजच्या ऑफिसात धोटा नाही. पण आडनाव विचारण्याची पद्धत आहे, डब्यात काय आहे यावर टोमणे आहेत, "कोट्यातला का?" हा प्रश्न आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीवर खटला भरला. एका दलित इंजिनिअरला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचा खटला मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू ठेवला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. सातासमुद्रापार हे घडू शकते. आणि पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने समिती बंधनकारक आहे. जातीय छळाच्या तक्रारीसाठी तशी समिती कोणत्याही कायद्याने बंधनकारक नाही.

मी वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करते. तिथे येणारी, पहिल्यांदाच कॉर्पोरेटमध्ये पोचलेली मुले-मुली घरून काम करण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलतात. काहींना स्क्रीनमागे बसल्यामुळे कँटीनमधल्या नजरा टळल्या, याचे बरे वाटते. काहींच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. त्यांना ऑफिसची खुर्ची आणि एसी म्हणजे मोकळा श्वास. मुलींचे तर घरी लॉगिन आणि चूल एकाच वेळी चालू. म्हणून आपल्याला सरसकट "वर्क फ्रॉम होम झिंदाबाद" म्हणता येत नाही.

ऑफिस आहे, घर नाही

तिसरा प्रश्न सर्वात कमी बोलला जातो. ऑफिसला या म्हणणारी कंपनी राहायचे कुठे, हे सांगत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. ऑफिसात शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकत. पण नोकरी शेवटी सुटली ती घरामुळे. कोणी जागा देईना म्हणून ते नाव बदलून एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. कमाठी बागेत बसून काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. एवढा विद्वान माणूस, राजाची नोकरी, आणि रात्री टेकायला जागा नाही.

मित्रांनो, १९१७ गेले म्हणून हा प्रश्न गेला का? २०१५ मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घरे नाकारली जातात, नाहीतर जाचक अटी घातल्या जातात, हे त्यात पुढे आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा नियम वैध ठरवला. "फक्त शाकाहारी" ही पाटी तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. हिंजवडीला परत या, या हुकुमाचा सवर्ण तरुणासाठी अर्थ ट्रॅफिक. आपल्या तरुणासाठी त्याचा अर्थ ट्रॅफिक आणि वर घरमालकाने विचारलेले आडनाव.

मग आपली मागणी काय?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्ये "१९४२ ला आठ तास दिले" एवढेच फिरते. आपण तपशील नीट सांगूया: त्यांनी मांडलेल्या फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, आणि ते साल १९४६. या ४८ तासांवर आज हल्ला होतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोल बाहेर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने रोजच्या कामाची मर्यादा कारखान्यांत ९ वरून १२ आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली.

आणि एक वर्ग असा आहे ज्याला "घरून काम" कधी मिळालेच नाही. ऑफिसचे संडास धुणारे, रात्रपाळीला गेटवर बसणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे. ऑफिस बंद झाले तेव्हा त्यांची रोजी गेली. ऑफिस उघडले तेव्हा ते ठेकेदाराच्या मर्जीवर परत आले. यांत आपली माणसे किती, हे प्रत्येकाने आपल्या ऑफिसात डोळे उघडून पाहावे. रिटर्न टू ऑफिसच्या वादात त्यांचे नाव कोणी घेत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कुठे आणि किती वेळ काम करायचे, हा निर्णय कर्मचाऱ्यांशी बोलून आणि लेखी नियमाने व्हावा. ठरलेल्या तासांनंतरच्या प्रत्येक तासाचा मोबदला मिळावा. जातीय छळाच्या तक्रारीसाठी खासगी कंपन्यांत समिती सक्तीची व्हावी. भाड्याच्या घरात जात-धर्म पाहून नकार देणे गुन्हा ठरावा, आणि आयटी पट्ट्यात नोकरदार तरुण-तरुणींसाठी सरकारी वसतिगृहे उभी राहावीत. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला त्याच छताखाली काम करणारा कर्मचारी मानावे.

आयटीतल्या तरुणांनी संघटनांमध्ये जावे, जरूर जावे. पण जाताना १९२८ ची मागणी सोबत न्यावी. तिथे "जातीचे नंतर बघू" असे कोणी म्हणाले, तर बाबासाहेबांनी गिरणीच्या पुढाऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांनाही विचारावा: आमची मागणी तुमच्या यादीत का नाही?

जय भीम! जय संविधान!