विद्युतघटनिर्मितीतील रसायन अभियंता : अकिरा योशिनो यांची वाटचाल

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात शोधाची नोंद ठळकपणे होते; तो शोध कारखान्यात उतरविणारा अभियंता मात्र बहुधा उपेक्षित राहतो. लिथियम-आयन विद्युतघटाचा इतिहास याला अपवाद आहे. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ व स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासोबत जपानच्या असाही कासेई या रसायन कंपनीतील अकिरा योशिनो यांना मिळाले. प्रस्तुत लेखात योशिनो यांच्या वाटचालीच्या आधारे प्रक्रिया-अभियंत्याच्या कार्याचे स्वरूप पाहावयाचे आहे.

जडणघडण

योशिनो यांचा जन्म १९४८ मध्ये ओसाका प्रांतात झाला. क्योतो विद्यापीठात खनिज तेल रसायनाचे अभियांत्रिकी शिक्षण घेऊन १९७२ मध्ये ते असाही कासेईमध्ये दाखल झाले. पहिल्या दशकात त्यांनी हाती घेतलेले संशोधन व्यापारी यशापर्यंत पोहोचले नाही. १९८१ मध्ये त्यांनी पॉलिअॅसिटिलीन या विद्युतवाहक बहुवारिकाचा अभ्यास सुरू केला. विद्युतघट हा त्यांचा मूळ विषय नव्हता. तो या पदार्थाच्या उपयोगाचा शोध घेताना पुढे आला.

प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत

१९८३ मध्ये योशिनो यांनी गुडइनफ यांचे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड धन बाजूस व पॉलिअॅसिटिलीन ऋण बाजूस वापरून घट तयार केला. परंतु पॉलिअॅसिटिलीनची घनता कमी असल्याने घटाचा आकार पुरेसा लहान होईना. म्हणून त्यांनी कार्बनयुक्त पदार्थ निवडला व १९८५ मध्ये आजच्या घटाची मूलभूत रचना सिद्ध केली. या रचनेत लिथियम आरंभी धन बाजूच्या ऑक्साइडमध्येच असते. त्यामुळे अतिक्रियाशील लिथियम धातू हाताळावा लागत नाही. घट अप्रभारित अवस्थेत जोडून नंतर प्रभारित करता येतो.

पुढील प्रश्न प्रक्रियेचे होते. चार व्होल्टहून अधिक विद्युतदाब पाण्याच्या द्रावणात टिकत नाही; सेंद्रिय द्रावण वापरावे, तर त्याची विद्युतवाहकता कमी. यावर उपाय म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर क्रियाशील पदार्थाचा लेप देऊन, तो वाळवून, मोठ्या क्षेत्रफळाच्या पट्ट्या गुंडाळणे. धन बाजूस अॅल्युमिनिअमचा पत्रा व मध्ये पॉलिएथिलीनचे सूक्ष्म छिद्रांचे पटल योजले गेले. तापमान वाढल्यास पटल वितळून छिद्रे बुजतात व आयनांचा प्रवाह थांबतो. १९८६ मध्ये घटावर लोखंडी वजन टाकून सुरक्षितता तपासण्यात आली. लिथियम धातूच्या घटाने पेट घेतला; नव्या घटाने घेतला नाही.

१९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला. १९९२ मध्ये असाही कासेई व तोशिबा यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि योशिनो यांनी पुढे तेथे तांत्रिक विकासाची जबाबदारी सांभाळली. अभियांत्रिकीची डॉक्टरेट त्यांना ओसाका विद्यापीठाकडून २००५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी मिळाली. २०१७ मध्ये ते मेइजो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

समारोप

या वाटचालीत पदवी, संशोधन, उत्पादन व अध्यापन हा रूढ क्रम आढळत नाही. बहुवारिक रसायन, विद्युतरसायन, लेपनाचे तंत्र व सुरक्षितता ही ज्ञानक्षेत्रे अभ्यासक्रमात स्वतंत्र असली, तरी एका घटात ती एकत्र येतात. लेप, पत्रा व पटल यांचे निर्णय हे शोधानंतरचे किरकोळ काम नसून शोधाचाच भाग होते. रसायनशास्त्राच्या अध्यापनात प्रक्रियेचा हा इतिहास वगळल्यास विद्यार्थ्याच्या हाती पदार्थाचे सूत्र येते. तो पदार्थ उपयोगी कसा झाला, हे मात्र अज्ञातच राहते.