मुंबईच्या चाकांचे इंधन आणि डहाणू-तलासरी

प्रवासी वाहतुकीला पुढे किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब प्रवासी-किलोमीटर या एककाने, म्हणजे एका प्रवाशाने कापलेल्या एका किलोमीटरने, मांडला जातो. परंतु ती ऊर्जा कोणाच्या भूमीतून आणि कोणाच्या श्रमातून येते हे त्या एककात उतरत नाही, आणि मुंबईच्या उत्तरेकडील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या इतिहासात नेमके तेच ठळकपणे दिसते.

1864 मध्ये लोहमार्गाने मुंबई सुरतेला जोडली गेल्यावर या पट्ट्यातील लाकूड, कोळसा आणि गवत शहराच्या बाजारात जाऊ लागले. 1874 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढत असत आणि 1907 पर्यंत त्यांना वीज मिळाली नव्हती. म्हणजे त्या काळी चारा हेच शहरी प्रवासाचे इंधन होते आणि त्याचा मोठा पुरवठा हे तालुके ज्यात मोडत त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातून होई. ट्राम विजेवर गेल्यानंतरही तबेल्यांसाठी गवताचा व्यापार टिकला आणि त्याची कापणी येथील वारली आदिवासी मजुरांकडून वेठीने किंवा नाममात्र मजुरीत करवून घेतली जाई. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने 1945 मध्ये पाचशे पौंड गवताच्या कापणीमागे अडीच रुपये मजुरीची मागणी करून संप पुकारला. त्या संपाच्या काळात तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. मुंबईच्या ऊर्जेची ही किंमत शहराच्या कोणत्याही जमाखर्चात नोंदली गेली नाही.

पुढे गवताची जागा दगडी कोळशाने घेतली. 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तरी आधीच मंजूर झालेले 500 मेगावॅटचे औष्णिक केंद्र 1995 च्या सुमारास सुरू झाले आणि मुंबईच्या उपनगरांना वीज देऊ लागले. त्यामुळे उपनगरातील विजेच्या मोटारीचा धूर रस्त्यावरून नाहीसा झाला, तरी तिची वीज कोळशाची आहे तोवर तो डहाणूच्या किनाऱ्याकडे सरकतो.

एप्रिल 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि दरडोई कमी ऊर्जेत दूरचा प्रवास करणे शक्य झाले. मात्र डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावांतील माणसाला स्थानक गाठण्यासाठी एस.टी. किंवा भाड्याची जीप लागते. तेथील प्रवासाची मागणी आज कमी दिसते ती काटकसरीमुळे नव्हे, तर साधनांच्या अभावामुळे, आणि तिची वाढ रास्तच मानली पाहिजे. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेसाठी या दोन्ही तालुक्यांतील जमिनी गेल्या, पण तिचे जवळचे स्थानक बोईसरला होणार आहे. म्हणून येथील कार्बनमुक्तीची खरी सुरुवात डहाणू रोड स्थानकाबाहेरून पाड्यांकडे निघणाऱ्या बसपासून व्हायला हवी.